विमा कंपनीचा पत्ता

गुरुवार, १ फेब्रुवारी

ही डायरी मुलीने नाताळला टल्साहून पाठवली होती. महिनाभर फ्रिजवर धूळ खात पडली होती. म्हणते, "आई, निवृत्त झाल्यापासून तू मला दिवसातून चार फोन करतेस. त्यातले तीन ह्यात लिही." एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. बोलायला चाळीस पोरं होती. आता एकटा रॉइस आहे, आणि नवरा असला तरी तो ऐकतो रेडिओचं.

तर आजची बातमी. चर्चच्या गोधडी मंडळात नवीन बाई आली. नाव विदाद. सहा वर्षांनी आमच्या पिकेट क्रॉसिंग गावाला दातांचा डॉक्टर मिळाला ना, त्या डॉक्टर बिशारांची बायको. मीच गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे ॲपल पाय घेऊन गेले होते आणि दारातच तिला गुरुवारचं आमंत्रण देऊन आले होते. पन्नाशीची असेल. शांत. केस घट्ट बांधलेले. गोधडी ताणलेल्या लाकडी चौकटीपाशी बसली, सुई उचलली आणि इंचाला बारा टाके घालायला लागली. जिमी नेलने चष्मा वर केला, खाली केला, आणि काही बोलली नाही. जिमी नेल काही बोलली नाही ही गावात छापून यायची गोष्ट आहे. पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण आहे माझी, पण माझ्या टाक्यांना ती अजून "बसचे टायर" म्हणते.

मी विदादला विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?"

"बेथलेहेमच्या शेजारचं."

सुई माझ्या बोटात गेली. बेथलेहेम! म्हणजे इस्रायलची. म्हणजे यहुदी. आणि आपल्या चर्चमध्ये येते, म्हणजे ख्रिस्ताला मानणारी यहुदी! आमचे पाळक ब्रदर केंडल वीस वर्षं अशा लोकांबद्दल प्रवचन देतायत, पण अजून एकही प्रत्यक्ष पाहिलेला नाही त्यांनी. मी पुढे काही विचारलं नाही. बेथलेहेमची बाई आणखी कोण असणार?

यंदाची गोधडी इस्रायलच्या सीमेवरच्या गावातल्या मुलांसाठी आहे. रॉकेट आलं की ती तळघरात झोपतात. जिमी नेलने विदादला हे सांगितलं. विदादने कापडावरची सुरकुती हाताने सरळ केली, म्हणाली, "मुलांसाठी आहे ना," आणि पुढचा टाका घातला. आपल्याच लोकांची आठवण आली असणार बिचारीला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

विदादची आई तिकडेच आहे, एकोणऐंशी वर्षांची. छातीत गाठ निघाली. किरणांचे उपचार हवेत, ते जेरुसलेमच्या रुग्णालयात मिळतात, पण मंजुरी येत नाही. आज टाके घालताना तिने तीनदा फोन पाहिला.

"विमा कंपन्या मेल्या सगळीकडे सारख्याच," मी म्हटलं. "रॉइसच्या गुडघ्याच्या वेळी पाच महिने रखडवलं होतं. कागद हरवला म्हणे!"

तिने फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "हो. कागदच."

घरी येताना मी तिला दोन बरण्या पीचचा मुरंबा दिला. दुसरं काय करणार?

शनिवार, २ मार्च

रॉइसची दाढ. तीन आठवडे तो एका बाजूने जेवत होता आणि दोन्ही बाजूंनी कुरकुरत होता. आज शेवटी गेला. परत आला तो गाल सुजलेला आणि तोंडभर हसू. म्हणे डॉक्टर बिशारा म्हणजे लाखात एक माणूस. करांबद्दल रॉइससारखंच मत, शाळेत प्रार्थना हवी यावर रॉइससारखंच मत, हरणाच्या शिकारीचं वेड तर रॉइसपेक्षा वरचढ. "असा माणूस आपल्या जिल्ह्यातून निवडणुकीला उभा राहायला हवा," म्हणाला. तोंडाला भूल दिलेली असताना यांच्यात एवढ्या गप्पा झाल्या कशा, ते मी विचारलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

इस्रायल रविवारची, म्हणजे चर्चने इस्रायलसाठी प्रार्थना करायच्या दिवसाची, जबाबदारी या वर्षी माझ्यावर! १९ मे. दर वर्षी कुणी ना कुणी तो दिवस वाया घालवतं. गेल्या वर्षी झेंडा तिरका लागला होता. रॉइस म्हणाला, "यंदा तरी जोरात करा. ऑक्टोबरात त्यांच्यावर जे ओढवलं त्यानंतर सगळं जग तोंड फिरवून बसलंय. आपल्या राज्याच्या सीमेवरच्या रेड नदीच्या पलीकडून कुणी येऊन आपल्या घरात शिरून माणसं मारली, पोरं पळवून नेली, तर आपण काय पत्रक वाटत बसणार?" खरं आहे त्याचं. अब्राहामाला देवाने दिलेलं त्या भूमीचं वचन काही मुदतीचं नव्हतं.

आणि माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. विदाद!

रविवार, ३१ मार्च

ईस्टर. चर्चच्या जेवणात विदादने हॅमचे दोन तुकडे घेतले. मी जिमी नेलला कोपराने ढोसलं, "बघ, डुक्कर न खायचे जुने यहुदी नियम सोडलेत तिने." जिमी नेल म्हणाली, "तू तिचं ताट मोजू नकोस, स्वतःचं बघ." विदाद म्हणाली की त्यांच्या घरचा ईस्टर अजून पाच आठवड्यांनी, मे महिन्यात. तिकडचं पंचांग वेगळं असेल. कांद्याच्या सालीत उकडून लाल केलेली अंडी आणून देणार आहे मला.

गुरुवार, ११ एप्रिल

मंजुरी दुसऱ्यांदा नाकारली. विदादने हे सांगितलं तेव्हा हातातलं काम थांबवलं नाही, पण टाके इंचाला आठवर आले. मला टाक्यांतलं फारसं कळत नाही, पण आरशात बघून मागच्या बाकावर कोण रडतंय ते ओळखणं हा माझा एकतीस वर्षांचा धंदा होता.

"कंपनीचा पत्ता दे मला," मी म्हटलं. "पत्र लिहिते. मी आमच्या खासदारांना आजवर बावीस पत्रं लिहिलीत. वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करण्याबद्दल, बसच्या बाजूला उघडणाऱ्या 'थांबा' पाटीबद्दल, पोस्टाच्या पेटीबद्दल. पेटी हलवली त्यांनी!"

"खूप लांब आहे ते ऑफिस, ल्युएला."

"पोस्टाला लांब-जवळ काय गं?"

ती हसली. पत्ता काही दिला नाही. गर्विष्ठ नाही ती, पण कुणाला त्रास द्यायचा नाही अशा वळणाची आहे.

गुरुवार, २ मे

मी तिला विचारलं की इस्रायल रविवारला जेरुसलेमच्या शांतीसाठी प्रार्थना करशील का? म्हणाली, "जेरुसलेमसाठी? आनंदाने." डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्याही आलं. घरी येऊन लगेच कार्यक्रमपत्रिका छापायला टाकली. पाहुणे टल्साच्या यहुदी मंडळीतले श्री. लोवेनथाल. जेवणाचं जिमी नेलच्या मुलाकडे सोपवलंय. त्याची मांस भाजायची धुराची भट्टी जत्रेत दोनदा पहिली आलीय.

गुरुवार, ९ मे

कुठून सुरू करू?

पत्रिका आल्या. निळ्या अक्षरांत, सुरेख कागदावर. मी चौकटीवरच मांडल्या. मधोमध छापलं होतं: "प्रार्थना – आपल्यामध्ये आलेली इस्रायलची कन्या, भगिनी विदाद." विदादने वाचलं. पुन्हा वाचलं. मग सुई कापडात खोचून ठेवली, नीट, घरी जाताना खोचतात तशी.

"ल्युएला, मी बेत जालाची आहे. बेथलेहेमच्या शेजारी. मी पॅलेस्टिनी आहे."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. नंतर जिमी नेलच बोलली, अर्थातच. "पण तू ख्रिस्ती आहेस ना?"

"आहे."

"मग तुमच्या लोकांना धर्म कुणी दिला? कुठली मिशन मंडळी आली होती तिकडे?"

"आमच्याकडे कुणी आलं नाही, जिमी नेल," विदाद म्हणाली. "आमच्याकडून निघाले."

ती अगदी सहज म्हणाली. कुणाला गप्प करायला नाही.  मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तेव्हा म्हणाली, आधीच्या गावात पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. दोन महिने दारात कुणी फिरकलं नाही. "इथे मी तोंड उघडायच्या आत तुम्ही ॲपल पाय घेऊन आलात. म्हटलं, एक आठवडा जाऊ दे. मग वाटलं, बेथलेहेमजवळची म्हटल्यावर तुम्हाला कळलंच असेल." आणि पर्स उचलून गेली.

मला कसं कळणार? रविवारच्या शाळेतला नकाशा साठ वर्षं बघतेय मी. त्यात बेथलेहेम आहे, यहूदा प्रांत आहे, उंट आहे. पॅलेस्टिनी लोक नाहीत त्यात.

शुक्रवार, १० मे

रॉइसला सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, बोलण्यासाठी त्याने रेडिओ बंद केल्याचं मला दोनदाच आठवतं.

"म्हणजे बिशाराही?"

"नवरा-बायको आहेत, रॉइस. बहुधा हो."

"पण तो तर आपल्यासारखाच आहे!" मग दाढेवर हात ठेवून बसला. रूट कॅनाल अर्धाच झालाय त्याचा.

संध्याकाळी ब्रदर केंडल आले. चांगला माणूस आहे, पण मांजराच्या पावलांनी चालतो. म्हणाले, "ल्युएला, तिच्याविषयी माझ्या मनात काही नाही. पण लोक गोंधळतील. पाहुण्यांना अवघड होईल. तिलाही अवघड होईल. तूच जरा फोन करून... प्रेमाने."

मी विचारलं, "प्रेमाने म्हणजे कसं?" त्यांनी आपली टोपी शोधायला घेतली.

शनिवार, ११ मे

केला फोन. म्हटलं, विदाद, तू पुढच्या रविवारी यायची तसदी घेऊ नकोस. ती म्हणाली, "समजलं." मी आईची तब्येत विचारली. म्हणाली, "तिसऱ्यांदा अर्ज केलाय." मी विमा कंपन्यांना दोन शिव्या घातल्या. तिने आभार मानले.

आज यापुढे काही लिहिवत नाही.

मंगळवार, १४ मे

रॉइसची दाढ ठणकायला लागली म्हणून जावंच लागलं. जाताना आरशासमोर उभं राहून सगळं पाठ करून गेला. इस्रायलला जगायचा हक्क आहे, सुरुवात कुणी केली, ओलीस अजून भुयारात आहेत, वगैरे. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खुर्चीत बसला आणि तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी त्यात कापसाचे बोळे भरले.

"रॉइस," डॉक्टर म्हणाले म्हणे, "तुम्हाला काय सांगायचंय ते मला माहीत आहे. त्यातलं निम्मं मलाही पटतं. उरलेलं भूल उतरल्यावर भांडू. तोवर मी एकच सांगतो, विदाद तीन दिवस जेवली नाहीये. आता जीभ डावीकडे घ्या."

रॉइस लाळ पुसत घरी आला. "चुकतोय तो," म्हणाला. सूप पिताना पुन्हा म्हणाला, "चुकतोय. पण हात हलका आहे." पुढची भेट सोमवारी, वीस तारखेला सकाळी दहाला.

गुरुवार, १६ मे

गोधडी मंडळ. चौकटीचा विदादचा कोपरा अर्धा राहिलाय. तिची सुई अजून तिथेच खोचलेली आहे. त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. मी मुलीला फोन करून बसचा जुना नियम सांगितला की पहिल्या दिवशी कुठल्याही पोराला एकट्याला बसू द्यायचं नाही. ती म्हणाली, "माहीत आहे आई. मीही तुझ्याच बसमध्ये होते. आता काय झालं?" मी म्हटलं काही नाही.

रविवार, १९ मे

सकाळपासून सुरुवात करते, नाहीतर गोंधळ होईल.

सकाळची उपासना उत्तम झाली. झेंडा सरळ. यहुदी रीतीचं मेंढ्याचं शिंग वाजवायचं काम गावातल्या क्लबच्या ट्रम्पेटवाल्याला दिलं होतं, त्याने दुसऱ्या फुंकीला आवाज काढला. विदादच्या जागी प्रार्थना ब्रदर केंडलनीच केली. श्री. लोवेनथाल फार गोड गृहस्थ. तेलकंपनीतून निवृत्त, बोलणं आमच्यापेक्षा जास्त ओक्लाहोमाचं. त्यांच्या बहिणीचा नातू तिकडे सैन्यात आहे. ते सांगताना थांबले, पाणी प्यायले, पुन्हा बोलले. सगळं चर्च उभं राहिलं. रॉइसने डोळे पुसले. मीही. ते सगळं खरं होतं, आणि उद्या कुणी विचारलं तरी मी तेच म्हणेन.

मग आम्ही जेवायला हॉलमध्ये गेलो. जिमी नेलच्या मुलाने झाकणं उघडली.

डुक्कर. चौदा तास धुरावर भाजलेलं, हाताने सोडवलेलं, ट्रेच्या ट्रे भरून. सोबत डुकराच्याच फासळ्या. घेवड्याच्या उसळीत बेकन. श्री. लोवेनथाल ताट हातात घेऊन उभे. अडीच महिने तयारी केली मी, झेंड्याची शिवण तपासली, आणि शंभर माणसांत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही! जिमी नेल माझ्या कानात म्हणाली, "जमीन दुभंगली तर आधी मी."

श्री. लोवेनथाल म्हणाले, "काही काळजी करू नका हो. गेल्या चर्चमध्ये अननस लावलेलं हॅम होतं." आणि कोबीची कोशिंबीर घेऊन ॲपल पायच्या टेबलाकडे वळले. तीन तुकडे खाल्ले त्यांनी. देव माणूस.

तेवढ्यात रॉइस फोन हातात घेऊन माझ्याकडे आला. तो पुढे धरला. डॉक्टर बिशारांचा निरोप: "उद्याची भेट रद्द करतोय. विदादची आई आज सकाळी गेली. माफ करा. दुखलं तर थंड पाणी टाळा."

आता, मयताच्या घरच्या जेवणाचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. नियम एकच: निरोप आल्यापासून तीन तासांत पहिला ट्रे त्या घरात पोचला पाहिजे. कोण गेलं, कसं होतं, चर्चला येत होतं की नाही, हे विचारायचं नाही. चर्चच्या छपराचं तांबं चोरणाऱ्या डेल्बर्टच्या घरीही आम्ही बटाट्यांचा ट्रे नेला होता. मेलेल्याचं देव बघेल, जिवंतांचं आपण बघायचं.

मी ब्रदर केंडलना सांगितलं. ते म्हणाले, "आत्ता, ल्युएला? पाहुणे बसलेत."

"पाहुणे ॲपल पाय खातायत," मी म्हटलं. "आणि बावीस वर्षांत माझं एक घर चुकलेलं नाही."

माझा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा. हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. श्री. लोवेनथालनी काटा खाली ठेवला आणि विचारलं, कोण गेलं? मी सांगितलं. सगळंच सांगितलं, पत्रिकेचं, फोनचं. शरम वाटत होती, पण बोलायला लागले की मला ब्रेक नसतात. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "आमच्यात दुःखाच्या घरी उकडलेली अंडी नेतात. तुमच्याकडे आहेत का?" उकडून, बलक मोहरीत कालवून भरलेल्या अंड्यांचं ताट होतं. त्यांनी स्वतः उचलून फॉइल लावलं आणि माझ्या हातात दिलं. "हे माझ्याकडून."

जिमी नेल तोवर चिकटपट्टी आणि पेन घेऊन आली होती. प्रत्येक ट्रेच्या खाली त्याच्या मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं परत येतं. ती नावं लिहीत होती आणि पुटपुटत होती, "बारा टाके. इंचाला बारा टाके घालणारी बाई, आणि आम्ही तिला घरी बसवलं."

रॉइसने सगळ्यात मोठा ट्रे उचलला. मी काही सांगितलं नव्हतं त्याला.

दार डॉक्टरांनी उघडलं. विदाद मागे, काळ्या कपड्यांत. "आज तुमचा तो रविवार ना?" म्हणाली.

"होता. उरकला," मी म्हटलं. "विदाद, त्या शनिवारी मी तुला येऊ नकोस म्हटलं. मला तसं सांगितलं होतं हे खरं, पण फोन मी केला. चुकलं माझं."

तिने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि सवयीने थोडा उचलून खालचं नाव पाहिलं. इथल्या सगळ्या बायका तसंच करतात. मग फॉइल उघडून वास घेतला. माझ्याकडे बघितलं.

"हे डुक्कर आहे?"

"हो."

"आज? तुमच्या पाहुण्यांसमोर?"

"कुणाच्याच लक्षात आलं नाही गं!"

ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी तिच्या हातातला ट्रे खाली ठेवला आणि तिला धरलं. किती हलकी झाली होती! डॉक्टर आणि रॉइस दोघेही जमिनीकडे बघत होते, पुरुष बघतात तसे.

निघताना डॉक्टर म्हणाले, "रॉइस, प्रार्थना कराल?" रॉइसने टोपी काढली. त्याला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, तो विजेच्या खांबांवर काम केलेला माणूस आहे. "प्रभू," म्हणाला, "या घरातली आई गेली. तिला जवळ घे. जेरुसलेमला शांती दे." मग इतका वेळ थांबला की मला वाटलं संपलं. "आणि त्याच्या शेजारच्या गावालाही."

गुरुवार, ३० मे

विदाद मंडळात आली. माझा ट्रे परत घेऊन आली. रिकामा नाही, द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून, ओळीने रचून भरलेला. खुर्चीत बसली, खोचलेली सुई काढली आणि आपला कोपरा पुरा करायला लागली. जिमी नेल म्हणाली, "नसेल करायचं तर राहू दे हो. मी करेन." विदाद म्हणाली, "तुमचे टाके पाहिलेत मी." जिमी नेल खूश झाली. तिच्या टाक्यांना नावं ठेवणारी दुसरी बाई गावात नाही.

सगळ्या गेल्यावर मी विषय काढला. "विदाद, आता तरी त्या विमा कंपनीचा पत्ता दे. आई गेली, पण मी त्यांना सोडणार नाही. चार महिने रखडवून एका म्हातारीला मारली त्यांनी."

तिने धागा तोडला. "ल्युएला, विमा नव्हता. परवाना होता. बेत जालातून जेरुसलेमला जायचा. मध्ये तपासणी नाके आहेत, सैनिक असतात. कागद नसेल तर सोडत नाहीत. तीनदा अर्ज केला. ऑक्टोबरनंतर सगळंच बंद केलं त्यांनी. घाबरलेत तेही, मला कळतं. त्या दिवशी मीही रडले होते. पण आई काठी घेऊन चालायची, ल्युएला."

"किती लांब आहे रुग्णालय?"

"सहा मैल."

मी बसूनच राहिले. फेब्रुवारीपासून दर गुरुवारी मी तिला सांगत होते, विमा कंपन्या मेल्या सगळीकडे सारख्याच. रॉइसचा गुडघा सांगत होते. मुरंबा देत होते. आणि ती दर वेळी मान हलवत होती.

"मला का नाही सांगितलंस? वेड्यासारखी बडबडत होते मी."

"तुम्ही विचारत होतात," ती म्हणाली. "दर गुरुवारी, आल्या आल्या, आईचं काय झालं म्हणून. या गावात विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. सांगितलं असतं, आणि तुम्ही विचारायचं थांबवलं असतं तर?"

मी तिच्या सुईत नवा धागा ओवून दिला. 

शनिवार, १ जून

तेविसावं पत्र. सकाळी स्वयंपाकघरात बसून लिहिलं.

"मा. खासदार यांस. चव्वेचाळीस वर्षं मी तुमच्या पक्षाला मत देत आले. आम्ही इस्रायलच्या पाठीशी आहोत आणि उद्याही असू. माझी मैत्रीण विदाद हिची आई उपचारांविना वारली. एका कागदासाठी, जेरुसलेमला जायच्या परवान्यासाठी. आपल्या मित्राला चार गोष्टी हक्काने सांगता येतात. त्यांना ही गोष्ट सांगा."

रॉइसने चष्मा लावून दोनदा वाचलं. रेडिओ बंद होता.

"इस्रायलच्या पाठीशी आहोत, ते खोडू नकोस," म्हणाला.

"खोडणारच नव्हते."

"आणि खालचंही राहू दे." जरा थांबून म्हणाला, "किती लांब म्हणालीस?"

"सहा मैल."

तो खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी पेन मागितलं आणि माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पत्रावर त्याने सही केलेली नाही, पोस्टाच्या पेटीच्या सुद्धा नाही. मग म्हणाला, "तुझ्या बसची पहिली फेरी किती मैलांची होती गं? शेवटच्या फार्मपासून शाळेपर्यंत?"

मला विचारायची गरज नव्हती, त्यालाही माहीत आहे. सहा. चिखलात, बर्फात, एकतीस वर्षं, आणि एकही पोर मी वाटेत सोडलं नाही. तेवढं पत्राच्या शेवटी घातलं. सहा मैलांना अकरा मिनिटं लागतात.